पस्तिशीतला स्ट्रायकर

कोल्हापुरात लीग जवळ आली की तालमीतालमींतून एकच चर्चा सुरू होते: यंदा बाहेरून कोण येतोय? शाहू स्टेडियमवर खेळणारे संघ पेठांचे आणि तालमींचे, पण आता त्यांत परराज्यातले आणि थेट नायजेरियातले खेळाडूही दिसतात. पैसा वर्गणीचा आणि देणगीदारांचा. तो कुणावर लावायचा, यावरून घराघरांत भांडणं होतात. असाच एक वाद मी ऐकला. तो इथे मांडतोय, कारण पेठेतल्या संघापुढे जो प्रश्न आहे, तोच मँचेस्टर युनायटेडपुढेही असतो.

वाद मामा आणि भाची यांच्यातला. मामांनी अनेक वर्षं एका मंडळाचा संघ सांभाळलाय. भाची फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात राहते आणि फुटबॉलपटूंबरोबरच काम करते. मंडळाला पस्तिशी गाठलेला एक स्ट्रायकर मिळतोय. कधीकाळी आय-लीगमध्ये गोल केलेला, सध्या मोकळा, म्हणून परवडणाऱ्या पैशांत येणारा. त्याचं आणि मंडळाचं नाव सांगण्याची गरज नाही.

मामा: आमची पोरं पळायला कुणाला ऐकत नाहीत. पण गोलसमोर गेली की घाई करतात. गेल्या हंगामात आम्ही जे सामने हरलो, ते बहुतेक एका गोलनं. तिथं डोकं शांत ठेवणारा एक गडी पाहिजे. हा माणूस भरलेल्या स्टेडियमवर पेनल्टी मारून आलाय.

भाची: कधी मारली, मामा?

मामा: कधी म्हणजे?

भाची: कोणत्या वर्षी? तुम्ही मला त्याचे जे व्हिडिओ दाखवलेत, ते सगळे जुने आहेत. गेल्या दोन हंगामांत तो कुठे खेळला, किती मिनिटं खेळला, हे ना त्याचा एजंट सांगतो, ना तो स्वतः. अनुभवी खेळाडू घेताना क्लब इथेच फसतात. पैसे दिले जातात त्यानं पूर्वी केलेल्या कामाचे, आणि गोल हवे असतात पुढच्या महिन्यात.

मामा: अगं, नाव झालंय ते उगीच होत नाही.

भाची: नावाचंच बोलू या. २०१४ ची पहिली इंडियन सुपर लीग आठवा. प्रत्येक संघात एक मार्की, म्हणजे मोठ्या नावाचा, खेळाडू हवा, असा दंडकच होता. पुण्याकडे डेव्हिड त्रेझेगे आला. २००० च्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल मारणारा माणूस! बालेवाडीत आम्ही सगळे त्याला बघायला गेलो होतो. ९ सामन्यांत २ गोल. दिल्लीकडे देल पिएरो, १० सामने, १ गोल. गोव्याकडे रॉबेर पिरेस, ८ सामने, १ गोल. मुंबईनं फ्रेडी युंगबर्ग आणला, त्याची सुरुवातच दुखापतीनं झाली. ४ सामने खेळला, गोल एकही नाही. हे सगळे मोठे खेळाडू होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दोन महिन्यांत १४ साखळी सामने, मध्ये विमानप्रवास, ऑक्टोबरची उष्णता. पिरेस २०११ मध्ये ॲस्टन व्हिला सोडून जवळजवळ निवृत्तच झाला होता. तीन वर्षं स्पर्धात्मक फुटबॉल न खेळलेल्या चाळिशीच्या माणसाला तीन-चार दिवसांआड मैदानात उतरवायचं, हा हिशेब कुणी केला होता?

मामा: तू अर्धीच यादी वाचलीस. त्याच वर्षी चेन्नईकडे एलानो होता. तेहतीस वर्षांचा. ११ सामन्यांत ८ गोल, गोल्डन बूट त्यालाच. आणि दोन वर्षांनी मुंबईकडे दिएगो फोर्लान आला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. केरळला अंधेरीत ५-० नं हरवलं, त्यात त्याची हॅट्ट्रिक. मुंबई त्या वर्षी साखळीत पहिली आली, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेली. तो सामना मी टीव्हीवर बघितलाय. पळत नव्हता तो फारसा. चेंडू कुठं येणार हे त्याला आधीच कळत होतं, आणि बाकीचे दहाजण त्याच्याकडं बघून खेळत होते.

भाची: आणि उपांत्य फेरीत काय झालं?

मामा: कोलकात्यात पहिल्या लेगला हरलो, ३-२.

भाची: त्याच सामन्यात फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. परतीच्या सामन्यात तो नव्हता. अंधेरीत मुंबईला एकच गोल हवा होता आणि सामना ०-० सुटला. दहाजण ज्याच्याकडे बघून खेळतात, तो एक दिवस नसतो. मग ते कुणाकडे बघणार? माझी भीती नेमकी हीच आहे.

कार्ड पंचविशीतल्या खेळाडूलाही मिळतं, हे मामांनी लगेच सांगितलं आणि ते बरोबरच आहे. पण संघ एकाच माणसाभोवती उभा करण्याचा धोका भाचीनं अचूक पकडला, असं मला वाटतं. मामांनी मात्र त्यानंतर जे उदाहरण काढलं, त्यानं वादाला वेगळंच वळण मिळालं. ते उदाहरण गोव्याचं होतं.

मामा: २०१७ ला मार्कीची सक्ती गेली. त्या वर्षी एफसी गोवानं फेरान कोरोमिनासला आणलं. चौतीस वर्षांचा. सायप्रसच्या एका लहानशा क्लबातून आलेला. पूर्वी एस्पान्योलला खेळलेला. २००६ मध्ये लीगच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या क्षणी गोल मारून त्यानं एस्पान्योलला खालच्या विभागात जाण्यापासून वाचवलं होतं. पण इथं त्याला ओळखणारं किती जण होते? त्रेझेगेसारखं पोस्टर लावण्याजोगं नाव नव्हतं ते. पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. दोनदा गोल्डन बूट. २०१९ चा सुपर कप जिंकला, पुढच्या वर्षी साखळीत गोवा पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा भारतातला पहिला क्लब ठरला. चौतीस, पस्तीस, छत्तीस ह्या वयात केलंय हे त्यानं. आता वयाचं काय सांगतेस?

भाची: मी वयाचं बोलतच नाहीये, मामा. तुम्हीच आता माझं म्हणणं मांडलंत. पिरेस आणि कोरो, दोघेही परदेशी, दोघेही तिशीपलीकडचे, क्लबही तोच, फातोर्डाचं मैदानही तेच. फरक कशात होता? एक तीन वर्षं घरी बसून आला होता, दुसरा नियमित खेळत आला होता. एकाला तिकिटं खपावीत म्हणून आणलं, दुसऱ्याला कोचनं एका कामासाठी मागून घेतलं. सर्जिओ लोबेरांना बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत योग्य क्षणी शिरणारा माणूस हवा होता. त्याला चेंडू पोचवायला ब्रँडन फर्नांडिस होता, विंगवर मंदार राव देसाई होता. कोरोला शोधला तो त्या जागेसाठी. तुमच्या स्ट्रायकरसाठी आधी कोणती जागा ठरलीय?

मामा गप्प राहिले. त्यांच्या मंडळाचा संघ विंगवरून खेळतो, दोन वेगवान पोरं लाइनीला धरून पळतात आणि क्रॉस टाकतात. येणारा खेळाडू त्याच्या चांगल्या दिवसांत पायाशी चेंडू घेऊन वळणारा म्हणून ओळखला जायचा. हेडरसाठी नव्हे. हा मुद्दा भाचीनं नंतर काढला. आणि मला वाटतं, पैशांपेक्षा, वयापेक्षा हाच पहिला प्रश्न असायला हवा. क्लब नाव आधी ठरवतात आणि त्या नावाला संघात कुठं बसवायचं ते नंतर बघतात. तरुण खेळाडूच्या बाबतीत ही चूक खपून जाते, कारण तो नव्या जागेवर शिकतो. चौदा-पंधरा वर्षं एकाच पद्धतीनं खेळलेला माणूस पस्तिशीत नवी पद्धत क्वचितच उचलतो, आणि त्यानं ती उचलावी अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्याय करणारं आहे.

मामा: पण मग आकडे बघ ना. कोरो गेल्यावर गोव्यानं कुणाला आणलं? इगोर अंगुलोला. छत्तीस वर्षांचा! पोलंडमध्ये लीगचा सर्वाधिक गोल करणारा होऊन आलेला. त्यानंही पहिल्याच हंगामात १४ गोल करून गोल्डन बूट नेला. पुढच्या वर्षी हैदराबादचा ओगबेचे, सदतीस वर्षांचा, १८ गोल, गोल्डन बूट आणि विजेतेपद. तीन-चार वर्षांनी चाळिशी गाठणारी माणसं आमच्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल मारत होती. धोका कुठं आहे ह्यात?

भाची: ह्यातच आहे. त्या वर्षांत भारतीय स्ट्रायकर कुठे होते ते सांगा. गोलसमोरची जागा बहुतेक संघांत परदेशी अनुभवी माणसाकडे. भारतीय पोरं विंगवर, नाहीतर बेंचवर. परिणाम सगळ्यांनी बघितला. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावं लागलं. आल्या आल्या शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्या हंगामात लीगमध्ये त्याचे १४ गोल, भारतीयांत सर्वाधिक. छेत्रीला मी हात जोडते. पण ज्या देशाला नऊ नंबरसाठी चाळिशीतला माणूस निवृत्तीतून परत आणावा लागतो, त्यानं आपल्या क्लबांकडे बघायला नको का? क्लबचा हंगाम वाचतो, आणि किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. हा धोका कुठल्याच क्लबच्या ताळेबंदात दिसत नाही.

हे बोलताना तिचा आवाज चढला होता. मंडळातला एकोणीस वर्षांचा एक पोरगा तिच्या डोळ्यांसमोर होता. गल्लीतच वाढलेला, गेल्या हंगामात शेवटची दहा-पंधरा मिनिटं मिळायची त्याला. यंदा नऊ नंबर आपला, असं तो धरून चाललाय. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, ते साऱ्या शहराला अभिमानानं आठवतं. पण घडण्यासाठी त्याला लहानपणीच पुण्याची वाट धरावी लागली, हेही खरं. जो इथं राहतो, त्याला इथं मिनिटं मिळाली नाहीत तर कुठं मिळणार?

मामा: त्या पोरावर माझा जीव नाही असं समजू नकोस. त्याला बूट मी घेऊन दिलेत. पण त्याला शिकवणार कोण? मी सांगतो, जवळच्या पोस्टकडं शीर, तो मान हलवतो आणि परत लांबच्या पोस्टकडं जातो. ज्यानं स्वतः शंभर वेळा ते केलंय, असा माणूस सरावात शेजारी उभा राहिला, खांद्याला धरून दोन पावलं इकडं, आता थांब, आता जा, असं दाखवलं, की पंधरा दिवसांत फरक पडतो. ते कोच सांगून होत नाही. मिलानचं बघ. डिसेंबर २०१९ मध्ये अटलांटाकडून ५-० नं हरले. जानेवारीत झ्लाटान आला, अडतीस वर्षांचा. तरण्या पोरांचा संघ होता तो. अडीच वर्षांत इटलीची लीग जिंकली त्यांनी. शेवटच्या हंगामात गुडघ्यामुळं तो फारसा खेळलाही नाही. पण ड्रेसिंग रूम त्याची होती.

भाची: आणि मिलाननं त्याच्याशी पहिला करार किती महिन्यांचा केला?

मामा: सहा.

भाची: सहा महिने आणि पुढे वाढवण्याची मुभा. अडतिशीतल्या माणसाशी असाच करार करायचा असतो. मला झ्लाटान नको असं नाही, मामा. मला तो कागद आधी बघायचाय.

इथून पुढे बोलणं कराराच्या मुदतीवर गेलं आणि दोघंही त्यात बराच वेळ रमले. मलाही हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण अनुभवी खेळाडूचा खरा धोका बहुतेक वेळा मैदानावर नसतो, करारातल्या वर्षांत असतो.

भाची: युनायटेडनं २०२२ मध्ये कासेमिरोला घेतलं. तीस वर्षांचा, सहा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम, चार वर्षांचा करार. पहिल्या हंगामात लीग कप जिंकला, फायनलमध्ये गोलही त्यानं केला. सगळे म्हणाले, सौदा सोन्याचा. दुसऱ्याच हंगामात पाय जड झाले. मे २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसनं ४-० नं हरवलं तेव्हा बिचाऱ्याला सेंटर-बॅक म्हणून उभं केलं होतं आणि पोरं त्याला हुलकावणी देऊन जात होती. करार मात्र अजून दोन वर्षं बाकी. एवढ्या पगारावर दुसरा कोणता क्लब घेणार? पंचविशीतला खेळाडू चालला नाही तरी विकून निम्मे पैसे हाती लागतात. इथे विकायची सोयच नसते. आणि रियाल माद्रिदकडे बघा. त्यांनी कासेमिरोला ऐन भरात विकलं, चुआमेनीला आधीच आणून ठेवलं होतं. तिशीनंतर तिथे एकेका वर्षाचा करार. मॉड्रिचनंही वर्षानुवर्षं तसाच मान्य केला.

मामा: आणि ज्यानं नाही केला?

भाची: रामोस. त्याला दोन वर्षं हवी होती, माद्रिद एकाला तयार होतं. २०२१ मध्ये तो पॅरिसला गेला, दोन वर्षांचा करार घेऊन. करार जुलैत झाला, पोटरीच्या दुखण्यामुळे पहिला सामना नोव्हेंबरच्या अखेरीस खेळला. वेंगर आर्सेनलमध्ये हेच करायचे, तिशी ओलांडली की एक वर्ष. आपला गोव्यात आलेला पिरेस २००६ मध्ये आर्सेनल सोडून विल्यारेआलला गेला, तोही दोन वर्षांच्या करारासाठीच.

मामा: हां, आता आलीस माझ्या अंगणात. हाच नियम मिलानमध्ये होता. २०११ मध्ये त्यांनी आंद्रेआ पिर्लोला तेच सांगितलं, वय झालं, एक वर्ष घे. बत्तीस वर्षांचा होता. आदल्या हंगामात दुखापतीनं बराच काळ बाहेर होता, तुझ्या तपासणीत तर नक्की नापास झाला असता! तो फुकटात युव्हेंटसला गेला. त्या हंगामात युव्हेंटस एकही लीग सामना हरलं नाही, लीग जिंकली. पुढची तीन वर्षंही जिंकली, पिर्लो मधोमध उभा राहून. मिलान अकरा वर्षं लीगसाठी झुरलं. तुझा नियम पाळला म्हणून घालवलं त्यांनी सगळं.

भाचीला यावर पटकन उत्तर सुचलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. नियम हा विचार टाळण्यासाठीही वापरला जातो. मिलाननं पिर्लोचं वय पाहिलं. त्याचा खेळ वेगावर उभा नव्हताच, हे पाहिलं नाही. वयाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याचं पोट पहिल्या पाच मीटरच्या झेपेवर चालतं, त्या विंगरला तो आधी बसतो. गोलकीपर, सेंटर-बॅक, मधल्या फळीत बसून पास देणारा, यांना बराच उशिरा. चेल्सीनं २०२० मध्ये थियागो सिल्वाला पस्तिसाव्या वर्षी फुकटात घेतलं. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि तो तिथं एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. तरी त्या फायनलमध्ये मध्यंतरापूर्वीच स्नायू दुखावून तो बाहेर गेला होता, ही आठवण भाचीनं करून दिलीच.

मामा: बरं, तुझं शास्त्र सांग. ह्या माणसात तुला नेमकं काय बघायचंय? उभा राहिला तर देखणा दिसतो, पोट नाही, सिगारेट नाही.

भाची: उभ्या माणसाचं काही कळत नाही. त्याला तीस मीटर पळवायचं, वीस-पंचवीस सेकंद श्वास घेऊ द्यायचा, परत पळवायचं, असं सहा वेळा. पहिली धाव हे सगळे चांगली काढतात. माझ्याकडे येणारे तिशीपुढचे खेळाडू पहिल्या धावेत पोरांच्या बरोबरीनं येतात आणि माझ्याकडे बघून हसतात. चौथ्या धावेला हसू जातं. सहाव्याला ते शेवटच्या दहा मीटरमध्ये कंबरेतून सरळ होतात, पावलं आखूड पडायला लागतात. मांडीचा मागचा स्नायू जपायला शरीर आपोआप तसं करतं. तिथे माझं लक्ष असतं. घड्याळापेक्षा पावलांवर. मग पालथं झोपवून हातानं विरोध देत गुडघा वाकवायला सांगायचा, दोन्ही पायांत फरक किती ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनी दुखापत विचारायची. हॅमस्ट्रिंग एकदा फाटला असेल तर पुन्हा फाटण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. वय वाढलं की आणखी. हे तो सांगणार नाही, मामा. त्याला दोष देऊ नका, त्याचं घर त्यावर चालतं. म्हणून विचारायचं नाही, तपासायचं. आणि पैशाचं बोलणं व्हायच्या आधी. आगाऊ रक्कम दिल्यावर तपासणी केली तर निकाल कुणालाच ऐकायचा नसतो.

मामा: आणि सामन्याच्या दोन दिवसांनी परत सामना?

भाची: तेव्हा तो बसेल. वीस वर्षांचा पोरगा तिसऱ्या दिवशी ताजा असतो. ह्याला चार-पाच दिवस हवेत. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर जास्तच. बाद फेरीत लागोपाठ सामने आले तर तुम्हाला त्याला बसवावं लागेल. बसवाल?

मामा: तूच बघ. मंडळातली सगळी मंडळी, देणगीदार, गॅलरीतली पोरं, सगळ्यांना तो हवा असणार. पैसे दिलेत म्हणणार.

भाची: म्हणजे नाही बसवणार. फॅनसाठी आणलेला खेळाडू कोचला बसवता येत नाही. रोनाल्डोचं काय झालं? युनायटेडला परत आला, छत्तिशीत, पहिल्या हंगामात २४ गोल. संघ मात्र सहावा. दुसऱ्या वर्षी कोच टेन हागनं बेंचवर ठेवलं, तर ऑक्टोबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध तो मैदानात उतरायला नकार देऊन सामना संपायच्या आत निघून गेला. नोव्हेंबरमध्ये करारच संपवला. गोल करत होता, तरीही संघ त्याच्याभोवती वाकला होता. बेंचवर बसायची तयारी नसलेला अनुभवी खेळाडू घेऊच नये.

मामा: मग हे त्याला फोनवर विचारू? अपमान होईल माणसाचा.

भाची: आता विचारलं तर थोडा होईल. उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी सांगितलं तर फार मोठा होईल.

मामांना हे पटलं. त्यांनी स्वतः खेळ सोडला तेव्हाची हकीकत त्यांनी इथे सांगितली, ती त्यांच्या घरातली आहे, लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यांच्या कोचनं त्यांना काही न सांगता यादीतून नाव काढलं होतं आणि ते शल्य अजून गेलेलं नाही. अनुभवी खेळाडू घेण्यातले धोके आपण क्लबच्या बाजूनं मोजतो. त्या खेळाडूचाही धोका असतो. पस्तिशीत एक वाईट हंगाम, भर स्टेडियममध्ये हुर्यो, आणि लोकांना आठवतो तोच शेवट. बेर्बातोव्ह केरळकडून ९ सामने खेळला, दुखापतींनी गांजला, कोचशी बिनसलं आणि कडवट होऊन गेला. त्याच्या पायातलं कसब ज्यांनी आधी पाहिलं होतं, त्यांना तो हंगाम बघवत नव्हता.

शेवटी दोघं कागद घेऊन बसले. करार एका हंगामाचा, त्यातही साखळीनंतर दोन्ही बाजूंना थांबायची मुभा. मानधनाचा मोठा भाग खेळलेल्या सामन्यांवर, थोडा आगाऊ. तपासणी आधी, तीही मंडळानं ठरवलेल्या डॉक्टरकडं. आठवड्यातून दोनदा स्ट्रायकर पोरांबरोबर वेगळा सराव, आणि हे कलम करारात लिहून. मामा म्हणत होते की चांगला माणूस न सांगता करेल, भाचीनं ऐकलं नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. भाचीला हवं होतं की एकोणीस वर्षांच्या पोरानं सामना सुरू करावा आणि प्रतिस्पर्धी थकल्यावर, शेवटच्या अर्ध्या तासात, अनुभवी माणूस उतरावा. मामांचं म्हणणं उलटं: सुरुवातीला दडपण जास्त असतं, तेव्हा जाणता गडी हवा, पोराला मोकळ्या मैदानात नंतर सोडायचं.

मला भाचीचं पटतं. थकलेल्या बचावासमोर ताज्या पायांचा जाणता माणूस जास्त घातक असतो, आणि पोराला सामना सुरू करायचं दडपण कळायचं असेल तर ते सुरू करूनच कळेल. पण संघ मामांचा आहे, गॅलरीतून शिव्या त्यांनाच खाव्या लागतात, तेव्हा हा निर्णय त्यांचाच. तपासणी पुढच्या आठवड्यात ठरलीय. फोन मामाच करणार आहेत, आणि बेंचचा प्रश्न पैशांच्या आधी विचारायचा, हे त्यांनी कबूल केलंय.